उचगावचा एक पाय

बूट काढा, मोजेही काढा. आपण निघालोय तिथे ते घालून उतरलात तर गावभरची पोरं मागे लागतील. हे धोतर घ्या, गुडघ्यापर्यंत वर खोचा. अंगात बंडी, डोक्याला पटका. पायात मात्र नवी कोरी कापशी चप्पल, परवाच कोल्हापूरच्या बाजारातून आणलेली, करकर वाजणारी. ती चावेल. चावू द्या, तिचं पुढे काम आहे.

वय बत्तीस. नाव बापू. आडनाव कोणी विचारणार नाही, इथे सगळे तुम्हाला ओळखतात. कनवटीला विडीचं बंडल आणि काडेपेटी आहे का, चाचपून बघा. तुम्ही आयुष्यात कधी विडी ओढली नसेल, पण बापू मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढतोय आणि आता हा देह बापूचा आहे. तलफ त्याची, खोकला त्याचा आणि पायही त्याचेच.

साल 1955च्या आसपासचं. पौषातली पहाट. उचगाव.

पहिल्यांदा वास गाठतो. उकळत्या उसाच्या रसाचा गोड, जडसर वास. त्यात चिपाडाचा धूर, बैलांच्या मुताचा दर्प आणि कुठेतरी करपलेल्या मळीचा कडवटपणा. नाकातून तो थेट पोटात उतरतो आणि भूक चाळवतो. कोल्हापूर शहर इथून तास-सव्वातासाच्या चालीवर. आज तावडे हॉटेलच्या चौकात ट्रक आणि एसट्या तुंबतात ना, त्या भागात या पहाटे ऊस उभा आहे. दवानं भिजलेला. त्याचं पान हाताला घासलं की बारीक रेघ उमटते आणि घाम लागला की चुरचुरते.

गुऱ्हाळ रात्रभर चालू आहे. चरकाला जोडलेलं ऑइल इंजिन एका लयीत फटफटतंय आणि त्यावरून बोलायचं म्हणून सगळे ओरडूनच बोलतायत. काहिलीत रस खदखदतोय. गुळव्या कडेला उभा राहून भेंडीचा चिकट रस ओततो, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतो. त्याच्याशी कोणी फारसं बोलत नाही. गूळ कधी उतरवायचा हे तो फेसाच्या रंगावरून आणि आवाजावरून ठरवतो, घड्याळ त्याच्या बापजाद्यांनीही बघितलेलं नाही. पोरं काकवीच्या आशेनं भाकरीचा तुकडा हातात धरून घुटमळतायत.

तुमचं काम चुलवाणाशी. वाळलेलं चिपाड कवळ्यानं उचलायचं आणि आगीच्या तोंडात सारायचं. पहिल्याच खेपेला भुवया आकसतात. तोंड भाजतंय. पाठीवर पौषाचा गारठा बसलाय. आणि उजवा पाय, तो आहे की नाही याचीच खात्री वाटत नाही. खाली बघा. आहे. बोटं पांढरट-निळी पडलीत, मातीनं माखलीत. आगीपासून चार हातांवर उभे आहात, तरी ती बोटं गार. डाव्या हातानं पकडून चोळून बघा. मेलेल्या माशाला हात लागावा तसा अंगावर काटा येतो.

हे बापूला रोजचं आहे. म्हणून तो काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

उजाडल्यावर गाडी येते. गाडीतल्या मोळ्या खांद्यावर घेऊन चरकापर्यंत न्यायच्या. अंतर फार नाही. पण पंचवीस-तीस पावलं टाकली की तळव्याच्या खळग्यात कळ सुरू होते. आधी नुसती ओढ. मग ती पोटरीत चढते, पोटरी आवळली जाते, दात आपोआप एकमेकांवर बसतात. मोळी टाकून थांबावंच लागतं.

"का रं बापू, मदीच थांबलास?"

"गोळा आलाय गा पायात."

"बस जरा. विडी वड."

दोन मिनिटं थांबलात की कळ गेली. काही झालंच नव्हतं म्हणावं इतकी साफ गेली. पुन्हा मोळी उचला. पुन्हा पंचवीस-तीस पावलं. पुन्हा तीच कळ, त्याच जागी, त्याच क्रमानं. पायात कोणीतरी बसून पावलं मोजतंय.

जाता जाता एक गंमत सांगतो, तुम्ही मोळी टाकून बसलाच आहात तोवर. चालताना येणारी ही कळ नीट टिपून ठेवली गेली ती आधी घोड्याच्या पायात. फ्रान्समधल्या बुले नावाच्या पशुवैद्यानं 1831मध्ये लिहून ठेवलं की गाडीचा एक घोडा थोडं धावला की लंगडतो, उभा केला की ठीक होतो, पुन्हा धावला की पुन्हा लंगडतो; त्याच्या मागच्या पायांची धमनी बंद होती. माणसाच्या पायात तेच घडतं हे पॅरिसच्या शार्कोनं त्यानंतर सत्तावीस वर्षांनी सांगितलं. इथे गुऱ्हाळावर बैल असा थबकला असता तर मालकानं दुपारच्या आत जाणत्या माणसाला बोलावलं असतं. बापू थबकतोय, तर तो कामचुकार.

विडी पेटवा. चुलवाणातला निखारा चिमट्यानं धरून तोंडाशी न्यायचा, काडी वाया घालवायची नाही. टेंभुर्णीचं पान चरचरतं, मग पहिला झुरका. तंबाखू निपाणीकडची, उग्र. छातीत चटका बसतो, डोकं हलकं होतं, बोटांचं दुखणं क्षणभर लांब जातं. हेच मला तुम्हाला दाखवायचं होतं. विडीनं बापूला बरं वाटतं. दुखतं म्हणून तो विडी ओढतो, आणि त्या धुरापायी पायातल्या बारीक धमन्या त्याच घटकेला आवळल्या जातायत. हे त्याला कोण सांगणार? सांगितलं तरी पटणार कसं? अनुभव तर नेमका उलटा आहे.

*

चप्पल चावली. सांगितलं होतं ना. अंगठ्याशेजारच्या बोटावर हरभऱ्याएवढी जखम. गावात सगळ्यांनाच नवी चप्पल चावते; चार दिवस तेल लावायचं, चप्पल मऊ होते आणि पायाची कातडी घट्ट. तुमची जखम मात्र महिना झाला तरी तिथेच आहे. कडा काळ्या पडल्यात. ओल सुटते. तिला एक वास आहे, गुळाच्या वासात आतापर्यंत लपला होता, आता घरात लपत नाही.

आणि रात्र. रात्रीची तयारी ठेवा, कारण या प्रवासातला सगळ्यात लांब भाग तोच आहे.

घोंगडं अंगावर ओढून आडवे झालात की घटकाभरात बोटं पेटतात. खरोखर पेटतात, मी शब्द वाढवून सांगत नाही. बोटांत कोणी निखारा कोंबलाय आणि वरून हात लावला तर बोट बर्फागत गार. पाय वर घेतला की कळ वाढते. पाय खाटेवरून खाली सोडला की जराशी उतरते, कारण उभ्या पायात रक्त निदान वजनानं तरी उतरतं. म्हणून तुम्ही बसता. खाटेच्या काठावर, उजवा पाय खाली, दोन्ही हातांनी घोटा धरून. गोठ्यात बैल रवंथ करतायत. लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज येतोय. मिरजेकडे जाणारी मालगाडी पंचगंगेच्या पुलाच्या दिशेनं खडखडत जाते. एवढ्यानंही झोप लागत नाही. बसून बसून पाऊल सुजलंय, कंदिलाच्या उजेडात जांभळट-लाल दिसतंय.

बायको जागीच असते.

"आवं, पाय वर घ्या की. गारठ्यात किती येळ सोडून बसतायसा?"

"वर घ्येतला की जीव जातोय."

ती उठते, चुलीतली राख उकरते, फडकं शेकते. तिच्या मनात माया आहे आणि त्या मायेनंच तुमचा पाय अजून बिघडणार आहे. ज्या पायात रक्त पोचत नाही त्याला बाहेरून ऊब दिली की कातडीची भूक वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. शिवाय बोटं बधिर झालेली, चटका किती बसला ते कळतच नाही. सकाळी टाचेवर भला मोठा फोड.

दुसऱ्या दिवशी पोटरीवर एक नवीनच गोष्ट दिसते. कातडीखाली लाल रेघ, बोटभर लांब, दाबली तर दोरीगत टणक आणि ठणकणारी. आठवड्यानं ती विरते आणि दुसरीकडे उठते. आत्या बघते, निदान करते. "वात हाय त्यो. हिकडनं तिकडं फिरतोय बग. बिब्बा घालाय पायजे."

आत्याची नजर चुकलेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. फिरती लाल रेघ तिनं अचूक पकडली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरनं कापलेले पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासून 1908मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आजार त्याच्याच नावानं ओळखला जातो, आणि ही फिरती रेघ त्यातली मोठी खूण आहे. वरच्या शिरेला आलेला तो दाह. तोच दाह खोल धमनीतही चाललाय, तिथे आत्याची नजर पोचत नाही एवढंच. तिला आग दिसली. तिनं आगीवर औषध करायचं ठरवलं. जागा तेवढी चुकली.

बिब्बा सुईला टोचतात, दिव्यावर धरतात, तेल सुटलं की थेंब कातडीवर. सुईं असा आवाज येत नाही, काहीच आवाज येत नाही, नुसता वास येतो. तुमच्या घोट्याभोवती असे पाच-सहा ठिपके. निरोगी कातडीवरही बिब्बा उततो, मग या उपाशी कातडीचं काय होणार ते तिसऱ्या दिवशी दिसतं. वर हळद-चुन्याचा गरम लेप. मग कोणीतरी जळवा लावून बघायला सांगतो, कोणी जोतिबाला नवस बोलायला. तालमीतला वस्ताद पाय हातात घेतो, पाऊल दाबून बघतो आणि त्याचा चेहरा उतरतो. पैलवानांच्या अंगावरची शीर नि शीर ज्यानं चोळलीय त्याला या पायात काहीतरी थांबलंय हे हाताला कळतं.

"ह्येला मिरजंला न्या," तो म्हणतो. "मिशनच्या दवाखान्यात."

*

पहाटे बैलगाडी. खाली कडबा, वर वाकळ, पाय गाडीच्या मागच्या बाजूनं लोंबता सोडलेला, कारण आडवा ठेवला की तुम्ही ओरडता. चाकाच्या प्रत्येक धक्क्याला आधी डोळ्यांसमोर पांढरं होतं, मग दुखतं. वळिवड्याच्या स्टेशनाकडे जाताना जुनी छावणी लागते. युद्धाच्या दिवसांत इथे पोलंडहून परागंदा झालेली हजारो माणसं राहिली होती. आता तिथे सिंधी कुटुंबं आलीत, वस्तीला गांधीनगर म्हणतात, इतक्या सकाळी कोणीतरी कापडाचे गठ्ठे सोडतोय. बापू तिकडे बघत नाही. तुम्ही बघून घ्या, पुन्हा असं दिसणार नाही.

गाडी येते, मीटरगेजची, धाप टाकत. तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक. डब्यात पेरू, कांद्याची पात, ओलं घोंगडं आणि माणसं. इंजिनातले कोळशाचे कण डोळ्यांत जातात. तुमच्या बोटाचा वास सुटल्यावर शेजारचा सरकून बसतो, मग त्यालाच वाईट वाटतं, तो विडी पुढे करतो. अर्धा डबा विडी ओढतोय. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. मग कृष्णेचा पूल, त्यावर सगळे हात जोडतात. मिरज जंक्शनला उतरेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो.

टांगेवाला बोलका आहे. सतारी कुठे बनतात, दर्गा कुठे, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ कुठे राहायचे, सगळं सांगतो. दवाखान्याबद्दल मात्र आवाज खाली आणतो. कॅनडातून आलेल्या वॉन्लेस नावाच्या डॉक्टरानं 1894मध्ये इथे रुग्णालय उघडलं आणि मिरज हे गाव दक्षिण महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला आजारपणासाठी पाठ झालं. 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आवारात शिरलात की जत्राच. झाडाखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली, भाकऱ्यांचा धूर, कानडी, मराठी, उर्दू एकमेकांत मिसळलेल्या. आत फिनेलचा वास, त्यामागे ईथरचा गोडसर, डोकं फिरवणारा वास. पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सा भराभर चालतात. त्यांच्या चालण्याकडे बघून तुम्हाला हेवा वाटतो. पंचवीस पावलांनंतरही त्या थांबत नाहीत.

डॉक्टर तरुण आहेत, मराठी आहेत. ते यंत्र काढत नाहीत, बोटं वापरतात. जांघेत दाबतात: ठोका आहे. गुडघ्यामागे: अंधुक. घोट्याच्या आत, पावलावर: काही नाही. ते पुन्हा बघतात, डोळे मिटून, श्वास धरून. मग तुमचा पाय उचलून धरतात. बघता बघता पाऊल खडूगत पांढरं होतं. खाली सोडतात. आधी काहीच नाही, मग सावकाश लाली चढते, गडद होते, जांभळी होते. दोन्ही रंग तुम्ही स्वतः बघता. तुमच्या उभ्या आयुष्यात कोणी तुमच्या पायाकडे इतकं निरखून बघितलेलं नाही.

"विडी?"

"कवातरी."

"दिवसाला किती बंडलं?"

आता खोटं बोलायची सोय राहत नाही. "दोन."

"आजपासून बंद."

"जेवल्यावर एक?"

"नाही."

"परसाकडला जाताना तरी? त्याबिगर होत न्हाई."

"नाही."

"मग तंबाखूचा बार..."

"तोही नाही. तपकीरही नाही."

डॉक्टर हसत नाहीत. बापूला वाटतं, शहाणा माणूस, पण औषध द्यायचं सोडून हे काय धरून बसलाय. तुम्हाला मात्र माझ्याबरोबर आल्यामुळे पुढचं माहीत आहे, म्हणून सांगतो: त्या खोलीत त्या दिवशी उपलब्ध असलेलं सगळ्यात जालीम औषध तेच होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 1990मध्ये अशा रुग्णांचा हिशेब मांडला. धूम्रपान सोडलेल्यांपैकी साधारण 5 टक्क्यांना पायाचा भाग कापावा लागला, न सोडणाऱ्यांत साधारण 42 टक्क्यांना. एवढा फरक पाडणारी गोळी या आजारावर आजही निघालेली नाही.

*

वॉर्डात तुमच्या उजवीकडे निपाणीकडचा एक जण आहे, गुडघ्याखाली पाय नाही. रात्री तो उठून बसतो आणि नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली म्हणून रडकुंडीला येतो. कुबडी त्यानं स्वतः तासलीय, बाभळीची. जयपूर फूट हा कृत्रिम पाय निघायला अजून बारा-तेरा वर्षं आहेत. डावीकडचा मुलगा जेमतेम पंचविशीचा, त्याच्या हाताच्याही बोटांची टोकं काळी. तिघंही तरणे, तिघंही विडीवाले. सकाळी नर्सा प्रार्थनेचं गाणं म्हणतात, चाल अभंगाची, म्हणून बापू टाळ्या धरतो आणि मधेच शब्द ऐकून गोंधळतो.

शस्त्रक्रिया ठरते. या काळात अशा पायांसाठी जगभर करतात तीच. पाठीच्या कण्यात सुई. आधी मुंग्या, मग कमरेखालचं सगळं तुमचं उरत नाही, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाय दुखायचा थांबतो. तेवढ्यानंच तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. कुशीत छेद. तुम्ही जागे आहात. कातरीची टिकटिक, कोणाचं तरी इंग्रजीत पुटपुटणं, डोक्यावरच्या दिव्याची धग. मणक्यांच्या कडेनं मज्जातंतूंची एक साखळी उतरते. धमन्या आवळायचा हुकूम तिच्यातून जातो. सर्जन तिचा तुकडा काढून टाकतात.

संध्याकाळी सिस्टर तुमचा हात धरून तुमच्याच पावलावर ठेवते. ऊन लागतं. कोरडं आणि ऊन. तळव्याला घाम नाही, बोटांवर गुलाबी छटा. बायको दाराशी उभी आहे, पदर तोंडाशी. तुम्ही तिला बोलावता आणि तीही हात लावून बघते आणि मग दोघंही काही न बोलता तो पाय चाचपत बसता. 1955 सालातली ही करामत आहे, तिला कमी लेखू नका.

पण करामत अर्धीच. हुकूम देणारा तंतू तोडला म्हणून कातडीच्या बारीक वाहिन्या सैल झाल्या. खालची मोठी धमनी बंद होती ती बंदच. काळं बोट गेलंच, शेजारचंही गेलं. गावी परतलात की मोळी घेऊन चालून बघा: पंचवीस पावलं, फार तर चाळीस, आणि पोटरीत तीच कळ. शिवाय ही ऊबही कायमची नसते. काही महिने, काही वर्षं. ती ओसरायच्या आत बापू विडी सोडतो की नाही, त्यावर दुसऱ्या पायाचं भविष्य ठरणार.

बंद धमनीत नेमकं काय आहे, ते आपण दोघंच बघून येऊ, बापूला इथेच झोपू दे. धमनीची भिंत जवळपास शाबूत आहे. आतली पोकळी मात्र गुठळीनं गच्च, आणि त्या गुठळीत पांढऱ्या पेशींची झुंबड. शरीराचे शिपाई. शत्रू कुठेच दिसत नाही, तरी लढाई चालू आहे. आत्याला बाहेरून दिसलेली आग ती हीच. आणि बघा कसं आहे: ज्या आजारात दाह एवढा उघड, त्यालाच दाह शमवणारी नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. स्टिरॉइड देऊन बर्जरची धमनी उघडत नाही. तंबाखू थांबली तर ही लढाई थांबते. असं का, याचं पूर्ण उत्तर आजही कोणाकडे नाही.

*

आता बूट घाला, परत येऊ. तुम्ही साठीचे झालात, मधुमेह आहे, उचगावातच सदनिका आहे आणि पोटरीत चालताना गोळा येतो. कळ ओळखीची आहे ना? आजार मात्र दुसरा. आता धमनीच्या भिंतीतच चरबी साठलीय आणि ती बाहेरून पोकळी चेपतेय. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेतात, पहिल्याला दुसऱ्यानं भागतात; उत्तर 0.90 किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. मग तारेवरून फुगा आत नेऊन धमनी रुंद करायची. पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटरनं 1964मध्ये एका म्हातारीच्या पायात हे पहिल्यांदा केलं, तिचा पाय कापायचं ठरलेलं होतं, तो वाचला. त्या वेळी फुगा नव्हता, एकाहून एक जाड नळ्या होत्या.

अडचण अशी की फुग्यानं भिंत ताणली की भिंतीला इजा होते. इजा झाली की तेच शिपाई धावतात, दाह, मग व्रण, आणि काही महिन्यांत धमनी पुन्हा अरुंद. म्हणून सध्या काही डॉक्टर थेट दाहावर नेम धरतात. एक युक्ती तर आत्याच्या बिब्ब्याची आठवण यावी अशी आहे: फुग्याच्या कडेला बारीक सुई, ती आतून धमनीच्या भिंतीला टोचायची आणि बाहेरच्या थरात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सोडायचं. सुईच ती, फक्त या वेळी योग्य ठिकाणी. 'डान्स' नावाच्या अभ्यासात मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या धमन्यांवर हे करून बघितलं, निकाल उत्साह वाढवणारे आले. पण औषध न दिलेला तुलनेचा गट त्यात नव्हता, म्हणून मी अजून पेढे वाटणार नाही.

दुसरी वाट गोळी-इंजेक्शनाची. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 जणांवर 'कॅन्टोस' नावाची चाचणी झाली, निकाल 2017मध्ये आला. कोलेस्टेरॉलला हातही न लावता, नुसता दाह कमी करणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या 150 मिलिग्रॅमच्या डोसनं पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. दाह हा नुसता धूर नसून तो स्वतःही आग लावतो, याचा तो मोठा पुरावा. पण जंतुसंसर्गानं दगावणारे किंचित वाढले आणि औषध भलतं महाग. मग लोक कोल्चिसिनकडे वळले. गाउटची जुनीपुराणी, स्वस्त गोळी. हृदयाच्या बाबतीत 2020च्या एका मोठ्या चाचणीत तिनं चांगलं काम केलं, 2024च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत केलं नाही. पायाच्या धमन्यांसाठीही तिची परीक्षा 'लीडर-पॅड' नावाच्या चाचणीत मांडली गेली. सध्या तरी तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी बापूच्या डॉक्टरांहून फार लांब गेलेली नसेल: तंबाखू बंद, साखर ताब्यात, स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि रोज कळ येईपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला.

एक राहिलंच. हे कोल्चिसिन ज्या झाडांपासून काढतात त्यातलं एक आपल्याकडचं आहे, कळलावी. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांवर चढते. पिवळ्या-लाल, मागे वळलेल्या पाकळ्या, पानाच्या टोकाला तणाव्याचा आकडा. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती करतात. दिसली तर फोटो काढा आणि पुढे व्हा. चाचणीतला डोस दिवसाला अर्धा मिलिग्रॅम होता, तोही मोजूनमापून, मूत्रपिंडाचं काम तपासून. कंदाचा एक तुकडा चघळून माणसं दगावलेली आहेत. तेव्हा गावातल्या कोणी आत्यानं बिब्ब्याऐवजी कळलावी सुचवली, तर तिला नमस्कार करा आणि पायातल्या गोळ्याची गोष्ट रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना सांगा. जाताना खिशातली तंबाखूची पुडी मला द्या.